निवाडा सापडला, पण तो अजून चालतो का?

"वडील १९९८ साली वारले. शेत अजून सामाईकात आहे. मला हिस्सा मिळतो का?" मोहोळ, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यातली लेक हा प्रश्न घेऊन वकिलाकडे येते. हल्ली ती येण्याआधी घरातल्या कुणीतरी मोबाइलवर शोधाशोध केलेली असते आणि सर्वोच्च न्यायालयाचा एक निवाडाही सापडलेला असतो: प्रकाश विरुद्ध फुलवती. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील आणि मुलगी दोघेही हयात असतील तरच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क, असे त्यात आहे. वडील तर १९९८ लाच गेले. म्हणजे विषय संपला, असे भावांचे म्हणणे.

तो निवाडा खरा आहे, सर्वोच्च न्यायालयाचाच आहे, मजकुरातही काना-मात्रेचा फरक नाही. तरी आज त्याच्यावर विसंबता येत नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तो ओव्हररूल केला, म्हणजे मोडीत काढला. मुलीचा हक्क जन्मानेच येतो, त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, असे तिथे ठरले.

पहिला निवाडा कागदावर जसाच्या तसा राहतो. निवाडा २०१५ चा, निवाड्यांच्या छापील मालिकेच्या २०१६ च्या खंडात तो आलेला आहे, त्या पानावर नंतर कुणी शिक्का मारत नाही की "हा आता गेला". तो गेला की नाही, अर्धा गेला की पूर्ण, कोणत्या मुद्द्यापुरता गेला, हे शोधून ठेवणे हे एक स्वतंत्र काम आहे. ते काम करणारा माणूस म्हणजे विधी ग्रंथपाल, बोलीभाषेत लॉ लायब्ररियन. पुस्तके देणे-घेणे आणि रजिस्टरवर सही घेणे एवढेच त्यांचे काम, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती मला फार खटकते, म्हणून हा लेख.

मुलीच्या हक्काची साखळी

वरच्याच प्रश्नाचा माग सावकाश काढू. ग्रंथपाल नेमके काय करतो ते त्यातून दिसते.

मूळ कायदा हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६. त्यात सहदायिकीचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः येणारा हक्क मुलींना नव्हता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती केली. ती २२ जून १९९४ पासून लागू झाली, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना तिने वगळले. मग केंद्राची २००५ ची दुरुस्ती आली. तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली ५ सप्टेंबरला आणि ती अमलात आली ९ सप्टेंबरला. संमतीची तारीख आणि अंमलाची तारीख वेगळी असू शकते, हा या कामातला पहिला धडा. वाटपाच्या दाव्यात चार दिवसांचा फरकसुद्धा कुणाला तरी महागात पडू शकतो.

पुढे न्यायालये. १६ ऑक्टोबर २०१५ ला दोन न्यायमूर्तींचा फुलवती निवाडा. १ फेब्रुवारी २०१८ ला दानम्मा विरुद्ध अमर, तोही दोन न्यायमूर्तींचाच. दानम्मा प्रकरणात वडील २००१ मध्ये वारले होते, तरी मुलींना हिस्सा दिला गेला. आता अडचण बघा. सारख्याच आकाराची दोन पीठे, आणि दोन्हींचा सूर वेगळा. कनिष्ठ न्यायालयाने कुणाचे ऐकायचे? हा पेच सुटण्यासाठी मोठे पीठ बसावे लागले, आणि ते २०२० मध्ये बसले. त्याने फुलवती मोडला आणि दानम्माचाही विसंगत भाग बाजूला केला. म्हणजे आपल्या लेकीला सोयीचा वाटणारा दानम्मासुद्धा आज जसाच्या तसा पुढे करता येत नाही.

इथेही थांबून चालत नाही. विनीता शर्मा निवाड्यातच मर्यादा घातलेली आहे: २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप उघडता येणार नाही. नुसते "आमचे तोंडी वाटप झाले होते" हे सर्वसाधारणपणे पुरत नाही; सरकारी दप्तरातला भक्कम पुरावा असेल तरच अपवाद. लेकीच्या प्रकरणाचा निकाल बहुधा या एका परिच्छेदावर फिरतो, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या दोन ओळींच्या मजकुरातून नेमका तोच गळालेला असतो.

शेतकऱ्याला हे एका वाक्यात सांगायचे तर, निवाड्यालाही फेरफार असतो. सातबारा हातात आला म्हणून कुणी जमीन घेत नाही. फेरफार उतारे काढतो, कुणाचे नाव कधी चढले, कधी कमी झाले ते बघतो. निवाड्याचे असे फेरफार नोंदवणारी साधने असतात. कोणत्या निवाड्याचा पुढे कुठे उल्लेख झाला, तो मान्य झाला, वेगळा काढला गेला (म्हणजे इथली वस्तुस्थिती निराळी म्हणून लावला नाही) की मोडला, याची यादी त्यांत मिळते. छापील खंडांच्या काळात यासाठी जाड सूचीग्रंथ होते, आता डेटाबेस आहेत. साधन बदलले. पण यादीत "वेगळा काढला" असे दिसले की मूळ पान उघडून तो का वेगळा काढला हे वाचावेच लागते, आणि ते वाचन यंत्रावर सोपवता येत नाही.

त्या आकड्यांचा अर्थ

वकिलाच्या टिपणात असे काही दिसते: (२०२०) ९ एससीसी १. सामान्य माणूस इथे बिचकतो, पण हा साधा पत्ता आहे. २०२० सालचा नववा खंड, मालिका सुप्रीम कोर्ट केसेस, पान १. एआयआर २०२० एससी ३७१७ हा त्याच निवाड्याचा दुसऱ्या मालिकेतला पत्ता. एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, आणि हे प्रकाशन आपल्या नागपूरचे. मुंबई उच्च न्यायालयाचे जुने निवाडे बॉम्बे लॉ रिपोर्टरमध्ये मिळतात. ती मालिका १८९९ पासूनची. सरकारी अधिकृत मालिका इंडियन लॉ रिपोर्ट्स त्याहून जुनी, १८७५ च्या कायद्याने सुरू झालेली.

एकाच निवाड्याला चार-पाच पत्ते, हा गोंधळ आता थोडा निवळतो आहे. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय प्रत्येक निवाड्याला स्वतःचा क्रमांक देते, उदाहरणार्थ २०२३ आयएनएससी आणि पुढे आकडा. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात बीएचसी ही अक्षरे आणि शाखेची खूण असते: एएस म्हणजे अपील शाखा, एनएजी म्हणजे नागपूर. यासाठी कोणत्याही प्रकाशकाची वर्गणी लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने वकिली करणाऱ्याला हा मोठा आधार आहे.

पत्ता सापडला की निवाड्याच्या डोक्यावर बारीक टाइपातला सारांश दिसतो, त्याला हेडनोट म्हणतात. ही हेडनोट न्यायमूर्तींनी लिहिलेली नसते, ती संपादकाची असते. चांगला संपादक असेल तर वाट सोपी होते, पण अधिकार फक्त निवाड्याच्या मजकुराला. विधी महाविद्यालयातल्या मुलांना ग्रंथालयातून एकच सवय लागायची असेल तर ती ही लागावी: हेडनोट वाचून वही मिटायची नाही, परिच्छेद गाठायचा. निवाड्यातही प्रकरण सोडवण्यासाठी जे ठरवावेच लागले ते बंधनकारक, आणि ओघात केलेले भाष्य तसे नसते. ही चाळणी परिच्छेद वाचल्याशिवाय लागत नाही.

याच हेडनोटवरून एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात डिसेंबर २००७ मध्ये न्यायालयाने सांगितले की निवाड्याचा मूळ मजकूर सर्वांचा आहे. संपादकाने स्वतःची बुद्धी वापरून जे घातले तेवढ्यावरच त्याचा हक्क. या निकालाचे महत्त्व मला फार वाटते. न्यायालय जनतेच्या नावाने बोलते, तर ते काय बोलले हे वाचायला जनतेला पैसे का पडावेत? आज इंडियन कानून या संकेतस्थळावर निवाडे फुकट वाचता येतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे ई-एससीआर, म्हणजे निवाड्यांचा ऑनलाइन संग्रह, विनामूल्य सुरू केले. काही निवाड्यांची मराठी भाषांतरेही मिळतात. समजून घ्यायला ती फार चांगली, मात्र कोर्टात आधार मूळ इंग्रजी मजकुराचाच घ्यावा लागतो.

कुणाचा निवाडा सोलापुरात लागू

सोलापूर सीमेवरचा जिल्हा, त्यामुळे हा प्रश्न इथे खराखुरा पडतो. अक्कलकोट तालुक्यातल्या कुटुंबाची थोडी जमीन कलबुर्गीकडे किंवा विजापूरकडे असते. कर्नाटक उच्च न्यायालयाचा निवाडा सोलापूरच्या दिवाणी न्यायालयावर बंधनकारक नसतो. तो दाखवता येतो, विचारात घ्या म्हणता येते, एवढेच. मुंबई उच्च न्यायालयाचा मात्र बंधनकारक, मग तो मुंबईत दिलेला असो, नागपूरला असो की छत्रपती संभाजीनगरला. उच्च न्यायालय एकच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला, तेही याच न्यायालयाचे. आणि सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार देशभरातल्या सर्व न्यायालयांना बंधनकारक.

कायद्याचे पुस्तकही शिळे होते

निवाड्यांबद्दल इतके बोललो, कारण तिथली गुंतागुंत जास्त. पण कायद्याच्या पुस्तकाचेही तेच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा कलम ३०२ मध्ये होती, ती आता १०३ मध्ये आहे. फसवणुकीचे ४२० जाऊन ३१८ आले. म्हणून जुनी पुस्तके रद्दीत घालायची का? मुळीच नाही. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागते, आणि असे खटले व अपिले अजून कित्येक वर्षे चालतील. ग्रंथालयात दोन्ही पुस्तके शेजारी-शेजारी हवीत आणि कोणते कलम कुठे गेले त्याचा तक्ता हाताशी हवा.

नावेही बदलतात. ज्याला आपण मुंबईचा कूळ कायदा म्हणत आलो, त्या १९४८ च्या अधिनियमाच्या नावातले "मुंबई" जाऊन २०१२ मध्ये "महाराष्ट्र" आले. नवे नाव टाकून शोधले तर जुने निवाडे निसटतात, जुने टाकले तर नवे. सराईत ग्रंथपाल दोन्ही नावांनी शोधतो, वर वर्ष आणि कलम टाकून तिसऱ्यांदा शोधतो. पूर्वी दुरुस्ती आली की छापील चिठ्ठी त्या-त्या कलमावर चिकटवत. अशा चिठ्ठ्यांनी फुगलेले पुस्तक दिसले तर त्याची किंमत ओळखावी: कुणीतरी वर्षानुवर्षे राजपत्र वाचून ते पुस्तक जिवंत ठेवलेले असते. आता केंद्र सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर दुरुस्त केलेला मजकूर मिळतो. तरी अगदी ताजी दुरुस्ती राजपत्रातच बघावी.

एकमेकांना विचारणारी माणसे

कोणत्याही एका ग्रंथालयात सगळे नसते. त्यामुळे या व्यवसायाला पहिल्यापासून विचारपूस करण्याची सवय आहे. अमेरिकेतल्या विधी ग्रंथपालांची संघटना १९०६ ची, आंतरराष्ट्रीय संघटना १९५९ ची, ब्रिटन-आयर्लंडची १९६९ ची. तिकडे विद्यापीठांतल्या विधी ग्रंथालयांत कायदा आणि ग्रंथालयशास्त्र अशा दोन्ही पदव्या असलेले अनेक जण काम करतात. एखाद्याने शोधाची नवी वाट काढली, एखाद्या डेटाबेसमधली चूक पकडली, तर ती लिहून सगळ्यांना कळवायची, हा त्यांचा शिरस्ता. चूक झाकली तर दुसऱ्या गावातला वकील त्याच खड्ड्यात पडणार, हे त्यांना ठाऊक असते.

त्यांनी जगापुढे आणलेली एक गोष्ट आपल्यालाही लागू पडते. निवाड्यांत आता संकेतस्थळांचे पत्ते दिले जातात. हार्वर्डच्या अभ्यासकांनी दहा-बारा वर्षांपूर्वी तपासले, तेव्हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांत दिलेल्या पत्त्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी मूळ मजकूर उरलाच नव्हता. न्यायालयाने ज्याच्या आधारे ठरवले तो आधारच नाहीसा. यावर उपाय म्हणून हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने पर्मा डॉट सीसी ही सेवा उभी केली. तिथे त्या पानाची त्या दिवसाची प्रत कायमची जपली जाते.

दुसरी गोष्ट अगदी ताजी. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात माटा विरुद्ध अॅव्हिआंका प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीकडून घेतलेले निवाडे दाखल केले. त्यातले सहा अस्तित्वातच नव्हते. नावे होती, पत्ते होते, आतली अवतरणेही होती, आणि सगळे रचलेले. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. बनावट पत्ता ओळखायला अर्धे मिनिट पुरते: तो खंड काढा, ते पान उघडा. तिथे दुसरेच काही असेल तर झाले. लॉ लायब्ररियन हे रोज करतो, म्हणून यंत्राच्या या काळात त्याची गरज वाढली आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ मध्ये मांडणारे एस. आर. रंगनाथन भारतीयच होते. त्यांचे चौथे सूत्र आहे वाचकाचा वेळ वाचवा. तारखेच्या सकाळी अकराच्या आत निवाडा हवा असलेल्या ज्युनियर वकिलाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

सोलापूरकराने काय करावे

विधी ग्रंथपाल सल्ला देत नाही. "मी जिंकेन का?" या प्रश्नाचे उत्तर तो देणार नाही आणि देऊही नये, ते वकिलाचे काम आणि वकिलाची जबाबदारी. तो कायदा काढून देतो, त्याची आजची स्थिती दाखवतो, कुठे वाचायचे ते सांगतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतल्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

विधी महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती. ग्रंथपालांकडे "सर, ते पुस्तक द्या" एवढ्यावर थांबू नका. "या मुद्द्यावरचा शेवटचा निवाडा कोणता, तो कसा शोधला ते दाखवा" असे म्हणा. शेजारी बसून पाहिलेला एक शोध वर्षभराच्या नोट्सपेक्षा जास्त शिकवतो. आणि बार असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांनी ग्रंथालयाचा खर्च ठरवताना वर्गण्यांइतकाच विचार तिथल्या माणसाच्या प्रशिक्षणाचाही करावा. महागडा डेटाबेस घेतला आणि तो नीट चालवणारा कुणी नसेल, तर सगळे जण त्यात पक्षकारांची नावे टाकून पहिला निकाल तेवढा उघडत बसतात.

सराव करायचा असेल तर आपल्याच गावाचा निवाडा घ्या. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, हे चार हुतात्म्यांच्या या शहरात शाळकरी पोरालाही माहीत असते. त्या अंमलाबद्दलचे एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले होते, चनप्पा शांतीरप्पा विरुद्ध एम्परर, आणि लष्करी कायद्यावरच्या चर्चेत त्याचा दाखला आजही दिला जातो. पत्ता एआयआर १९३१ बॉम्बे ५७, किंवा इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेचा ५५ वा खंड, पान २६३. इंग्रजीत शोधताना गावाचे नाव जुन्या पद्धतीने, "शोलापूर" असे टाका. त्या काळच्या खंडांत ते तसेच छापलेले आहे. सापडला की तिथेच थांबू नका. नंतरच्या कोणत्या निवाड्यांनी त्याचा उल्लेख केला ते पाहा, आणि स्वातंत्र्यानंतर, राज्यघटना आल्यावर त्यातले काय टिकले ते स्वतः परिच्छेद वाचून ठरवा.